किशोरीची आई कोण?

मालूला ठमाबाईचा राग यायला ठमाबाईने काही करावं लागत नसे. ती वरळीला राहते, एवढं पुरे होतं. दोघी सख्ख्या जावा. थोरला दीर महापालिकेत चिकटला आणि मुंबईला गेला. मालूचा काशिराम पनवेलच्या कोळीवाड्यात खाडीवरच राहिला. पुढे काशिरामचं अपेंडिक्स काढताना मालूच्या कानांतल्या कुड्या गेल्या. त्याच वर्षी ठमाबाईने तेच ऑपरेशन पालिकेच्या इस्पितळात जवळजवळ फुकटात करून घेतलं, आणि वर पोटावरचा व्रण साऱ्या कोळीवाड्याला दाखवत फिरली.

एक्क्याण्णव साली मालूची किशोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. खर्च माहेरचा, ही रीतच. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि म्हणाले, मूल आडवं आहे, सिझर लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मालूने पदर तोंडाला लावला.

"मुंबईला आमच्या जाऊबायला फुकट करतान."

"तिथे पालिका खर्च करते, बाई. इथे भूल देणारे डॉक्टर मुंबईहून बोलवायचे, त्यांची गाडी वेगळी. रक्ताची बाटलीसुद्धा तिकडूनच. मी कुठून घालू?"

म्हणजे मुंबईकरांना फुकट, आणि मुंबईचा डॉक्टर पनवेलला आणायचा तर गाडीभाडं आपलं! मालूच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात विकण्यासारखी होती ती होडी. काशिराम होडी विकायला तयार झाला, तेवढ्यात ठमाबाई दारात हजर.

"वरलीला आन तिला. पन बाहेरगावच्या बायांना घेत नाय तिथं. माजी लेक म्हनून नाव लावू. तू मधे बोलू नको."

मालूने मान डोलावली. होडी वाचली, आणि आपली लेक उसनी द्यावी लागली म्हणून ती वाटभर ठमाबाईशी बोलली नाही.

इस्पितळात वॉर्डाच्या दारावर सिस्टरने हाक मारली, "किशोरीची आई कोण? एकच बाई आत."

"मी," ठमाबाई म्हणाली, आणि जणू जन्मभर हेच ऐकायला थांबली होती अशी आत गेली. मालू जिन्यात बसली. मांडीवर तिचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं होतं. नातवंडाला पहिल्यांदा आजीच्या लुगड्यात गुंडाळायचं असतं. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला तिला आत सोडलं, तेव्हा बाळ ठमाबाईच्या हिरव्या लुगड्यात होतं. ठमाबाईच्या मांडीवर.

मालूचं डोकं फिरलं. ती तरातरा सिस्टरपुढे गेली.

"मी तिची आय हाय! पनवेलची हाय! ही चुलती हाय तिची. काय पैसं लावायचं तं लावा!"

सिस्टर हसली. "पनवेलची म्हणून वेगळे पैसे कशाला? त्या खाटेवरची अलिबागची आहे, पलीकडची साताऱ्याची. इथे दारात आलेल्या बाईला परत कोण पाठवतं? तुमच्या जाऊबाईंनी महिन्यापूर्वीच येऊन हेच विचारलं होतं की."

मालू वळली. ठमाबाई बाळाभोवतीचं लुगडं उगाच सारखं करत होती.

"तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"मंग?"

"तुला लेक हाय, मालू," ठमाबाई बाळाकडे बघतच म्हणाली. "मला समदे पोरगेच झाले. माज्या दारात कोन येनार बालंतपनाला?"

ठमाबाईला आपला हेवा वाटू शकतो, हे मालूच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. क्षणभर तिला बरं वाटलं. मग जास्तच राग आला. तिने वाकून बाळ ठमाबाईच्या मांडीवरून उचललं आणि छातीशी गच्च धरलं.

खाटेवर किशोरी कण्हली. "आई, पानी."

दोघी एकदम पुढे झाल्या. पण मालूचे दोन्ही हात बाळात अडकले होते. पेला ठमाबाईने उचलला.