पहिलवानाचा कप्पा

थोरला परत आला तेव्हा शेडच्या दारातल्या खुंटीवर त्याचे बूट नव्हते. खरं तर तिथेच त्याने काय ते ओळखायला हवं होतं. पण ओळखणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी त्याचं तोंड बघून आज वारं कुठलं आहे ते ओळखायचं, अशीच त्या घराची रीत होती. डुकरांच्या त्या फार्मवर त्याने वर्षानुवर्षं असंच राज्य केलं.

मग एक दिवस मैल्याच्या नाल्याशेजारी त्याचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. शहरात बहिणीच्या घरी एका खोलीत तो सगळा हिवाळा पडून राहिला. बहिणीने सगळं केलं, पण तोंडाला कुलूप लावून केलं. त्याची स्वतःची बायको तर केव्हाच माहेरी निघून गेली होती, आणि का गेली हे कुणी कुणाला विचारत नसे.

शेडच्या दारात एक बुटका कट्टा होता. बाहेरचे बूट कट्ट्याच्या अलीकडे काढायचे, पाय पलीकडे टाकून आतले घालायचे. घरच्यांचे हिरवे, पाहुण्यांचे पांढरे. रोग बाहेरून येतो, म्हणून हा नियम थोरल्यानेच घातला होता आणि तो मोडला म्हणून एका गड्याला भर पावसात उभं करून ठेवलं होतं. आता धाकट्या भावाच्या बायकोने, म्हणजे धाकटीने, त्याच्यापुढे पांढरे बूट ठेवले.

"तुमचे तळाशी चिरले होते, दादा. टाकून दिले," ती म्हणाली.

थोरल्याने दातओठ खात पांढरे बूट चढवले. काठी टेकत आत गेला आणि आत गेल्यावर त्याचा पारा आणखीच चढला. कारण शेड चांगली चालली होती.

त्याच्या काळात आत पाऊल टाकलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आता पंखे लयीत फिरत होते आणि डोळ्यांना काही झोंबत नव्हतं. प्रत्येक कप्प्यात जनावरं कमी केली होती. फटींच्या फरशीवर ती एका कुशीवर पाय ताणून पडली होती. उकडत असलं की डुकरं एकमेकांपासून लांब मैल्यात लोळतात, थंडी वाजली की एकमेकांवर ढीग करतात. ही नुसती शेजारी शेजारी आरामात पसरली होती. वरून साखळ्या आणि जाड दोरखंड लोंबत होते. ते चघळायला मिळाले की डुकरं एकमेकांच्या शेपट्या चघळत नाहीत. थोरल्याने अशा गोष्टींना कायम पोरखेळ म्हटलं होतं. शेपट्या चावल्या गेल्या की तो चावणारं शोधून काढायचा आणि त्याच्या नाकाडावर काठी घालायचा. त्याने काही थांबायचं नाही, पण थोरल्याला बरं वाटायचं.

संध्याकाळी धाकट्याने आईसमोरच विषय काढला. फार्म आईच्या नावावर होता आणि तिचा शब्द शेवटचा असे. नवी शेड बांधून तयार आहे, अजून एकही जनावर आत गेलेलं नाही, असं तो म्हणाला. जुन्या शेडमधली काही तिकडे नेऊ, काही नवी आणू. दादाने तिकडे हिशोबाने नव्याने सुरुवात करावी, मी आणि ही मदतीला आहोतच. धाकटा बोलताना डावा कान पुढे करत होता. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे. तो कान लहानपणी थोरल्याच्या एका थपडीत गेला होता.

प्रस्ताव भला होता. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून त्याने तो पदरात पाडून घेतला असता. थोरला म्हणाला, जुनी शेड माझी आहे. मी उभी केली. मला तीच पाहिजे, आणि तुम्ही दोघं जा नव्या शेडमध्ये. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. मांडीत लोखंडाची सळई घालून आला होता, पण मान काही वाकली नव्हती.

मग आईने विचारलं, "आजाऱ्यांच्या कप्प्यातलं डुक्कर परत आपल्या कप्प्यात सोडतात का रे?"

हा प्रश्न तिने कुणाला विचारावा, तर थोरल्याला. या नियमाचा धर्मगुरू तोच. धाकटा पोरसवदा असताना त्याने एकदा दयेपोटी एक बरं झालेलं डुक्कर त्याच्या जुन्या सोबत्यांत सोडलं होतं. चार दिवस बाहेर राहिलेल्याचा वास बदलतो, त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. सोबत्यांनी त्याला परका ठरवून सकाळपर्यंत फाडलं. थोरल्याने धाकट्याचा कान धरून त्याला ते कलेवर अंगणभर ओढायला लावलं होतं आणि गडी बघायला बोलावले होते. गडी हसले होते, कारण न हसून करतात काय?

पण आज थोरल्याला आईच्या प्रश्नातला टोमणा तेवढा लागला आणि नियम विसरला गेला. तो म्हणाला की ते परक्यांचं झालं. पहिलवानाची गोष्ट वेगळी आहे.

पहिलवान म्हणजे दाराजवळच्या कप्प्यातला एक दांडगा नर. थोरला पडायच्या आधीपासूनच, अगदी पिल्लू असताना, तो कप्प्याचा राजा होता. खाद्याच्या पेटीशी पहिलं तोंड त्याचं, पाण्याच्या नळीशी पहिला तो. खुरात पू झाला म्हणून धाकटीने त्याला आजाऱ्यांच्या कप्प्यात नेला होता. रबराच्या गादीवर, एकट्याने भरपेट खाऊन तो आता गोल गरगरीत झाला होता. किंचित लंगडत होता इतकंच. थोरल्याने दुपारीच त्याला पाहिलं होतं आणि घरी परतल्यापासून पहिल्यांदा त्याला कुणीतरी आपलं भेटल्यासारखं झालं होतं.

"तिथे त्याची सख्खी भावंडं आहेत," थोरला म्हणाला. "राजा कुठेही गेला तरी राजाच असतो. उद्या सकाळी मी त्याला सोडतो. बघा सगळे."

आई म्हणाली, "सोड. त्याला घेतलं त्यांनी, तर जुनी शेड तुझी. नाही घेतलं तर तू माझं ऐकायचं."

धाकटीला हे बघवेना. सकाळी ती मुद्दाम शेडच्या दारात थोरल्याला गाठायला आली. संध्याकाळी सोडा, ती म्हणाली, पोटं भरल्यावर, उजेड कमी झाल्यावर. आणि त्याला त्यांच्यात सोडू नका. सगळ्यांनाच नव्या शेडच्या रिकाम्या कप्प्यात हलवा, सगळ्यांच्या पाठीवर एकाच वासाचं औषध फवारा. जागा कुणाचीच नसली की थोडी ढकलाढकली करून गप्प बसतात. आम्ही असंच करतो, एकही मेलेलं नाही.

शहाण्या माणसाने सांगितलेलं ऐकावं, आणि तेही जो फुकट सांगतो त्याचं आधी. पण शहाणपण सांगणारी धाकटी होती, त्याने आजवर जिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

"त्याचं घर आहे ते," थोरला म्हणाला. "तो आपल्या घरात मालकासारखा जाईल. पाहुण्यासारखा नव्या जागी कशाला?"

धाकटीने त्याच्या पायातल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली.

सकाळच्या खाद्याच्या आधी, म्हणजे पोटं रिकामी असताना, त्याने पहिलवानाला गाडीच्या धक्क्याकडच्या दाराने बाहेर काढून, वळसा घालून शेडमधल्या वाटेवर आणलं. गडी, धाकटा, धाकटी, आई, सगळे कठड्याशी उभे होते. थोरल्याने खिटी काढली. पहिलवान आत शिरला आणि इकडेतिकडे न बघता, लंगडत, सवयीने थेट खाद्याच्या पेटीकडे गेला. कप्प्यातली सगळी उठून उभी राहिली. पंख्यांचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं.

"बघितलं?" थोरला म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. आपला मुलगा शर्यतीत पुढे असावा तसा तो कठड्यावर ओणवा झाला होता.

पेटीशी एक किडकिडीत मादी होती. पहिलवान राजा असताना ती नेहमी शेवटी खायची आणि बऱ्याचदा उपाशी राहायची. तिने त्याच्या नाकाला नाक लावलं, मान हुंगली, पाठ हुंगली. मग अजिबात आवाज न करता तिने त्याचा कान तोंडात धरला आणि डोकं झटकलं. कान फाटला. रक्ताचा वास कप्पाभर गेला आणि मग सगळीच धावली.

डुक्कर किंचाळतं ते ज्याने ऐकलं नाही त्याला ते सांगून समजणार नाही. पहिलवान कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहिला, म्हणजे मागची बाजू त्यांना मोकळी. शेपटीपासून सुरुवात झाली. थोरला ओरडत होता, काठीने कठडा बडवत होता, आणि त्या बडवण्याने ती आणखी बिथरत होती. सळईच्या पायाने त्याला कठडा ओलांडता येईना. फळी आणा, तो गड्यांना म्हणाला. जनावरं हाकायच्या रुंद फळ्या भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. गड्यांनी आईकडे पाहिलं.

"थांबा," आई म्हणाली. "अजून थोडं बघू दे त्याला."

तो काही फार वेळ नव्हता, पण थोरल्याला तो पुरला. त्याने वळून आईकडे पाहिलं. तिला आधीपासून माहीत होतं. काल संध्याकाळी पैज लावतानाच माहीत होतं, आणि तिने एक धडधाकट जनावर त्यासाठी खर्ची घातलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर खाद्याचा सांडलेला दाणा वेचला, तिने. थोरल्याने काठी खाली घेतली.

शेवटी धाकटाच कुणाला न विचारता फळी घेऊन आत उतरला. त्याने बाकीच्यांना मागे रेटलं आणि गड्यांनी पहिलवानाला ओढून वाटेवर काढलं. मागचं अंग लुळं पडलं होतं. तो पुढच्या पायांवर उठायचा आणि बसायचा.

आईने औषधांच्या खोलीतली बंदूक आणवली. अशा जनावराच्या कपाळाला ती टेकवून खिळा आत मारतात, जीव लगेच जातो. तिने ती थोरल्याच्या हातात दिली. धाकटा पुढे झाला, मी करतो म्हणाला. आईने त्याला हाताने अडवलं.

"त्याने सोडलं, तोच संपवेल."

थोरल्याने ती पहिलवानाच्या कपाळाला टेकवली. पहिला खिळा बाजूला लागला आणि पहिलवानाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्याने काम झालं. कुणी हसलं नाही, आणि गडी हसले असते तर बरं झालं असतं असं थोरल्याला वाटलं. मग धाकट्याने एकट्याने ते कलेवर अंगणातून ओढत नेलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी थोरल्याची खाट औषधांच्या खोलीत हलवली होती. माजघरातल्या त्याच्या खोलीत धाकटीचं बाळ निजत होतं, ते काही उठवायचं नव्हतं. जेवण त्याला तिथेच आणून दिलं. औषधांची खोली आजाऱ्यांच्या कप्प्याला लागून. ती त्यानेच बांधून घेतली होती आणि मोठ्या अभिमानाने लोकांना दाखवायचा: या बाजूचं जनावर आतून परत शेडमध्ये जाऊच शकत नाही, दार फक्त गाडीच्या धक्क्याकडे उघडतं. शेजारची रबराची गादी धुऊन उभी करून ठेवली होती. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, हे त्याने दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं होतं.

संध्याकाळी आई आली आणि दारातच उभी राहिली. सकाळी माल घेऊन गाडी जाते, ती बहिणीच्या गल्लीवरूनच जाते, असं तिने सांगितलं. बहिणीला निरोप गेला आहे.

थोरला म्हणाला, "आई, मी नवी शेड घेतो. धाकटा म्हणाला होता तशी."

असं मागणं त्याने जन्मात केलं नव्हतं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"ती काल होती," आई म्हणाली. "काल तू नको म्हणालास." ती गेली नाही, थोडी घुटमळली. मग म्हणाली, "तू पडलास ना, तेव्हापासून धाकटा झोपेत ओरडायचा थांबला. मी आई आहे दोघांची. मला एकच ठेवता येतो."

सकाळी गाडी आली. सळईच्या पायाला केबिनची पायरी उंच पडत होती, म्हणून ड्रायव्हरने आधी केबिनच धक्क्याला लावली. जनावरं चढतात त्याच उतारावरून थोरला काठी टेकत निघाला. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, जनावराला बाजूचं काही दिसू नये म्हणून लावलेल्या. आत, मागे, शेडमध्ये खाद्याच्या पेट्यांची झाकणं वाजायला लागली होती. अर्ध्या वाटेवर त्याचा पाय अडला आणि तो वळायला लागला. काय बोलायचं होतं ते त्याचं त्यालाही ठरलेलं नव्हतं. कदाचित धाकट्याच्या कानाबद्दल बोलला असता.

पण धाकटा त्याच्या मागून येत होता, आणि उतारावर पुढचं अडलं की मागच्याचे हात आपोआप जे करतात तेच त्याच्या हातांनी केलं. त्याने पत्र्याला टेकवलेली जनावरं हाकायची फळी उचलली, उताराच्या रुंदीभर आडवी धरली आणि तिला गुडघा लावून उभा राहिला. मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. तो लाजेने लाल झाला.

फळी मात्र त्याने खाली घेतली नाही. थोरल्याने ती पाहिली, आणि तो पुढे चालू लागला.