सारखी पेंड

सदाशिवरावांना जाऊन दोन महिने होत आले, तरी देवळी रस्त्यावरच्या त्यांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांची खुर्ची कोणी हलवली नव्हती. त्यांचे धाकटे भाऊ धनंजयराव बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कारभार पाहत. रुचिका आली की टेबलाच्या अलीकडे, व्यापारी बसतात त्या बाकावर बसे. ती वर्ध्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, नालवाडीला राहायची. वडिलांनी कंपनीच्या कागदांवर संचालक म्हणून तिचं नाव फार पूर्वी घातलं होतं, पण तिघांतलं ते तिसरं नाव, शोभेचं. आता तिघांचे दोघं उरले आणि प्रत्येक ठरावाला तिची सही लागू लागली.

त्या दुपारी काकांनी टाइप केलेला एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"वाच अन् सही कर. परवा मुहूर्ताले विवेक येऊन राह्यला. त्याच्या हातात चेक द्याचा हाय."

विवेक हा सत्तेतल्या पक्षाच्या उमेदवाराचा, ज्यांना सगळे भाऊ म्हणत त्यांचा, माणूस. विधानसभेची निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती. कंपनीला एखाद्या पक्षाला देणगी द्यायची तर संचालकांचा ठराव लागतो, तो हा ठराव होता. पाच लाख रुपये. रुचिकानं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"दुसऱ्यांचा ठराव कुठे आहे, काकाजी?"

"दुसरे कोण?"

"समोरचा पक्ष. बाबा दोघांनाही द्यायचे. सारखंच."

काका हसले. हसण्यात राग नव्हता, थकवा होता. "यंदा एकच."

सदाशिवरावांचा तो नेम सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. निवडणुकीच्या वर्षी ते दोन्ही मोठ्या पक्षांना सारखी रक्कम देत. आणि कापूस-खरेदीच्या मुहूर्ताला, पहिल्या बैलबंडीची पूजा झाली की भाव सांगण्याआधी, जमलेल्या शेतकऱ्यांसमोर माइकवरून त्याचा हिशेब सांगत. याला एवढे दिले, त्यालाही तेवढेच दिले. "हे पैसे तुमच्याच कापसातले हायेत, म्हणून सांगून राह्यलो," असं म्हणत. कोणी विचारलं, की दोघांना कशाला, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "दोन्ही बैलाईले सारखी पेंड. मारका कोणता ते जुंपल्यावर समजते." लोक हसत. कॉलेजात कधी लोकशाहीवर बोलायची वेळ आली की रुचिका हा किस्सा सांगायची, मात्र माणूस आपलाच बाप आहे हे न सांगता.

"बाबांनी घालून दिलेला नियम आहे," ती म्हणाली.

"दादाईनं घालून दिला अन् दादाईनंच मोडला."

"कधी?"

"आगीच्या साली."

पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात जिनला आग लागली होती. रुई वाचली नाही, यंत्रं कशीबशी वाचली, पण ट्रान्सफॉर्मर जळाला. काका सांगत गेले आणि रुचिका ऐकत राहिली. दिवाळी तोंडावर आली तरी नवा ट्रान्सफॉर्मर बसेना. कापूस घरात येऊन पडला होता आणि जिन बंद. मग याच पक्षाच्या उमेदवाराकडून निरोप आला, की काम होऊन जाईल, पण यंदा समोरच्यांना काही देऊ नका. तेव्हा नाव जाहीर न होता देता येईल अशी सोय निघाली होती, बँकेतून रोखे घ्यायचे. दादांनी घेतले. एकालाच दिले, नेहमीच्या दुप्पट. आठवड्याच्या आत ट्रान्सफॉर्मर खांबावर चढला.

"पण त्या वर्षी मुहूर्ताला मी होते," रुचिका म्हणाली. "हिशेब सांगायच्या वेळी बाबांचा घसा बसला होता."

"घशाले काय झालतं? दुपारी दोन गिलास मठ्ठा पेले. संध्याकाळी हिंगणघाटच्या दलालासंगं फोनवर तासभर भांडले. रस्त्यावर आवाज जात होता."

रुचिकानं टेबलाची कड धरली.

तो क्षण तिला रोज दिसत असे. बाबा माइकसमोर उभे. "आता हिशेब" म्हणाले आणि थांबले. हात गळ्याशी नेला, मान हलवली. पुढच्या रांगेतून कोणीतरी लवंग पुढे केली, ती घेतली आणि थेट भाव सांगून मोकळे झाले. दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, की त्रास केव्हापासून? रुचिकानंच सांगितलं होतं, पहिल्यांदा मुहूर्ताच्या दिवशी. डॉक्टरांनी नुसतं वर पाहिलं. त्या पाहण्याचं ओझं ती तेव्हापासून वाहत होती. तेव्हाच नेलं असतं तर. शेवटी शेवटी बाबांचा आवाज पार गेला, हातानं खुणा करून पाणी मागत, तेव्हाही तिच्या मनात तेच होतं. तेव्हाच नेलं असतं तर.

आणि तो आजार नव्हताच.

"सही?" काकांनी विचारलं.

"उद्या."

घरी आईपाशी शेजारणींनी आणून दिलेल्या दिवाळीच्या फराळाचे डबे तसेच होते. वर्षाच्या आत घरात कढई ठेवायची नाही, म्हणून लोक आणून देतात. अनुसयाबाई एकेका डब्यातलं थोडं थोडं काढून ताटलीत मांडत होत्या, खायला कोणी नसताना.

"आई, आगीच्या वर्षी मुहूर्ताला बाबांचा घसा दुखत होता का गं?"

"काऊन?"

"असंच."

अनुसयाबाईंनी चकली मोडली. "सारे म्हणत होते दुखते म्हणून. मी गुळण्याले मिठाचं पाणी ठेवलं. नको म्हणे. थंड होऊन गेलं. सदरा धुवाले घेतला तं खिशात लवंग निघाली. तशीच्या तशी." दुसरा डबा उघडत त्या म्हणाल्या, "लवंग तं आवडे त्याईले."

रात्रभर विचार करून काही वेगळं सुचलं असं नाही. दुसऱ्या दिवशी ती जिनमध्ये गेली तेव्हा आवारात झाडलोट चालली होती, वजनकाट्याला आंब्याचं तोरण बांधत होते. तिनं ठराव पुढ्यात घेतला.

"मी सही करते. पण बाबा सांगायचे तसं मुहूर्ताला सांगेन. कोणाला दिले, किती दिले."

काकांनी चष्मा काढला. "पागल झाली का तू? माइकवर सांगशील तं समोरचे उद्यापासून आपल्या दारात. अन् विवेक तं चेकले हातच लावणार नाई."

"आता कायद्यानं नाव ताळेबंदात लिहावंच लागतं ना? लपत तर नाहीच."

"ताळेबंद कोण वाचते?"

"कोणी नाही."

"म्हणून तं बरं हाय." काका उठून खिडकीशी गेले. बाहेर ट्रान्सफॉर्मर दिसत होता. "बेटा, ट्रान्सफॉर्मर पुन्हा जळणार नाई असं कोणी लिहून देल्लं का तुले? इथं शंभर माणूस सीझनभर पोट भरते. तू कॉलेजात शिकवते. तुमच्याकडे लाइन गेली तं पोरं खुश होतेत."

तिला हसू आलं, आणि आलं याचा रागही. काका खोटं बोलत नव्हते. म्हणूनच ती सही करायला तयार झाली होती.

"ठराव मला पटलेला नाही," ती म्हणाली. "पण नाकारायची माझी हिंमत नाही. मग निदान झाकून नको."

काका वळले. मग म्हणाले, "ठीक. सांगजो. पण सांगशील तं दादाचंही सांगजो. आगीच्या सालचं. अर्धा हिशेब नाई चालत. सांगशील लोकाईसमोर, का माझ्या बापानं तुमच्यापासून लपवलं?"

काकांनी हा दगड नेमका मारला होता. त्यांना खात्री होती की ती थांबेल. तिलाही तसंच वाटलं. तिनं सही केली, पेनला टोपण लावलं, आणि निघताना पहिल्यांदा बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

मुहूर्ताच्या दिवशी पहिली बंडी नत्थूजींची होती. आता कापूस पिकअपनं येतो, पण मुहूर्ताला बंडीच लागे. नत्थूजी सत्तरीच्या पुढचे, सदाशिवरावांच्या बरोबरीचे. बैलांना ओवाळलं, काट्यावर नारळ फुटला, नत्थूजींच्या खांद्यावर शेला आणि डोक्यावर टोपी चढली. "नवरदेव दिसून राह्यले," मागून कोणी म्हणालं. "पोरगी पाहा मंग," नत्थूजी म्हणाले.

विवेक पहिल्या खुर्चीत होता. पांढरा शर्ट, हातात हार. येताना तो रुचिकाला म्हणाला होता, "ताई, सदाशिवरावांच्या जाण्यानं भाऊंना फार दुःख झालं." ते त्यानं खरोखरीच्या स्वरात म्हटलं, त्यामुळे तिला अधिकच अवघड झालं.

काकांनी माइक तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

तिनं सगळ्यांचं स्वागत केलं. मग म्हणाली, "आता हिशेब." याच जागी बाबा थांबले होते. तिच्या लक्षात आलं की आपला मोकळा हात वर येतो आहे. तिनं तो खाली आणून माइकच्या दांड्याला धरला.

"यंदा कंपनीनं पाच लाख रुपये द्यायचं ठरवलं आहे," ती म्हणाली, आणि पक्षाचं नाव घेतलं. "दुसऱ्या पक्षाला काही नाही. ठरावावर माझीही सही आहे." खुर्च्या करकरल्या. ती थांबली नाही. "आणखी एक सांगायचं राहिलं आहे. पाच वर्षांपूर्वी, आगीच्या वर्षी, आमच्या बाबांनी याच पक्षाला दुप्पट दिले. तेव्हाही दुसऱ्यांना काही नव्हतं. ट्रान्सफॉर्मर बसत नव्हता म्हणून. ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. घसा बसला असं दाखवलं. घशाला त्या दिवशी काही झालेलं नव्हतं."

एका बैलानं मान झटकली, घुंगरं वाजली.

मग मागच्या रांगेतून आवाज आला. "हे पैसे कोनाच्या कापसातले म्हनाल्या, बाई?"

"तुमच्याच."

"मंग देल्यावर नोका सांगू. देयाच्या आंधी इचारत जा."

हशा पिकला. हसू सरलं तसं दुसरं कोणी म्हणालं, "भाव सांगा आता." तिनं मुहूर्ताचा भाव सांगितला. मागच्या वर्षीपेक्षा कमीच होता. कुजबुज झाली, आणि त्या कुजबुजीत हिशेब बुडून गेला. माणसं उठली, बंडी काट्याकडे वळली.

विवेकनं हार खुर्चीवर ठेवला. "काकाजी," तो हळूच म्हणाला, "चेक आज राहू द्या. भाऊंशी बोलून सांगतो." चहाला न थांबता तो गाडीकडे गेला. काका खिशावर हात ठेवून उभे राहिले. मग तिच्याजवळून जाताना म्हणाले, "उद्या लाइन गेली तं फोन तू करजो."

"करीन," ती म्हणाली. कोणाला, ते तिला ठाऊक नव्हतं.

सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं. बाबांचा आजार इतका जुना नव्हता, हे आता नक्की झालं होतं. तिनं उशीर केला नव्हता. पण त्या बदल्यात माइकवरून खरा हिशेब सांगणारा तो बाप गेला होता, आणि तो आज तिनंच चारचौघांत घालवला होता.

नत्थूजी शेला सावरत तिच्यापाशी आले. टोपी त्यांनी काढून काखेत धरली होती.

"त्या साली लवंग म्या देल्लती," ते म्हणाले.

"ते तुम्ही होतात?"

"आमच्या बुढीनं खोकल्यासाठी बांधून देल्लती. म्या म्हटलं, सदाशिवले जास्त गरज हाय." ते बंडीतून उपसल्या जाणाऱ्या कापसाकडे पाहत होते. "खाल्ली होती का त्यानं?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं.

"नाही," रुचिका म्हणाली. "खिशातच राहिली. धुताना आईला सापडली."

नत्थूजींनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

"खोट्या घशासाठी घेतली, पण खाल्ली तं नाई," ते म्हणाले. "मंग ठीक हाय." आणि टोपी डोक्यावर ठेवून आपला कापूस किती भरतो ते पाहायला काट्याकडे गेले.