ओळखता न आलेलं

त्या दिवशी वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनेच उभ्या केलेल्या यंत्रणेच्या जोरावर साहेबांनी तिच्याच नणंदेला, धाकटीला, कामावरून काढायची नोटीस दिली होती. कारण काय, तर म्हणे ती ऑफिसच्या वाय-फायवर अर्धा अर्धा दिवस गेम खेळते.

दोघी एकाच विमा कंपनीत. वहिनी नेटवर्क सांभाळायची, धाकटी खाली तक्रारींच्या खिडकीवर बसायची. वहिनीची यंत्रणा कुणाचा मजकूर वाचत नसे. तो कुलूपबंदच असतो, आणि कुलूप तोडणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. पार्सल न फोडता नुसतं हातात तोलून आत काय असेल ते ताडावं, तसं ते काम. माहिती केवढी जाते, केवढी येते, कोणत्या लयीत, यावरून ओळखायचं की हा व्हिडिओ, हा फोन, हा गेम. कुणाच्या व्हिडिओपायी दुसऱ्याचं काम अडू नये, एवढ्यासाठी ती बसवलेली. साहेबांनी त्या यंत्रणेला चहाड्या करायला लावलं.

"खरं सांग, खेळतेस का?" तिने घरी विचारलं.

धाकटी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. वहिनीला तो उद्धटपणा वाटला.

"नाही खेळत. नाही म्हणजे नाही."

मग वहिनीने सगळ्या नोंदी उपसल्या. धाकटीच्या मोबाइलवरून आवाजासारखं काहीतरी अखंड बाहेर जात होतं आणि उलट येत होते चिमूटभर तुकडे. गेम असा वागत नाही. मग यंत्रणेने गेम का म्हणावं? कारण तिच्यापाशी 'ओळखता आलं नाही' हा रकानाच उरला नव्हता. साहेबांच्या डोळ्यांत तो खुपायचा. "आपल्याला माहीत नाही, हे वरच्यांना कशाला दाखवायचं?" असं म्हणून त्यांनी तो काढायला लावला होता. रकाना गेला म्हणून अज्ञान थोडंच जातं? जे अनोळखी येईल ते यंत्रणा जवळच्या नावात कोंबत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तिने स्वतःच्या मोबाइलवर एकेक अ‍ॅप चालवून पाहिलं. बोललेलं अक्षरांत दाखवणाऱ्या अ‍ॅपची लय तंतोतंत जुळली. वहिनीला इतका आनंद झाला की ती तडक वर साहेबांच्या मीटिंगमध्ये घुसली. धाकटीला तिथेच बोलावलेलं होतं.

"गेम नाही तो, साहेब. समोरचा बोलतो ते ती मोबाइलवर वाचते. तुमचा तक्ता देखणा दिसावा म्हणून तुम्ही तिच्या पोटावर पाय आणलात."

"म्हणजे हिला ऐकू येत नाही?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. वहिनीची मानही वळली, कारण हे तिलाही आत्ताच कळत होतं.

नोटीस मागे घेतली गेली. साहेब म्हणाले, "त्या अ‍ॅपचं नाव यंत्रणेत घालून टाका. असे आणखी कोण कोण आहेत, तेही कळेल."

"ते नाव मी घालणार नाही," वहिनी म्हणाली. "आधी माझा रकाना परत येईल." पण धाकटीचं ज्यांना कळायचं त्यांना कळून चुकलं होतं.

जिन्यात धाकटीने तिला गाठलं. मोबाइल धाकटीच्या हातातच होता.

"एक कान गेलाय, दुसरा चाललाय. आईला नाही सांगितलं, दादाला नाही. माझं मी सांगणार होते."

"अगं, तुझी नोकरी जात होती."

"माझी नोकरी, माझे कान. सापडलं तेव्हा आधी मला येऊन सांगायला तुझं काय जात होतं? कुलूप तोडत नाही म्हणून मिरवतेस. घरात शिरलीसच ना?"

वहिनीचा सगळा राग जिथल्या तिथे विझला. ती बोलू लागली, तशी मोबाइलवर अक्षरं उमटू लागली. वाक्य पुरं व्हायच्या आत धाकटीने मोबाइल पालथा केला.