चौकटीत आवळलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दांडा आहे. दुकानात मला पुलअप बार म्हणत. मला फिरवले की माझी लांबी वाढते आणि माझी रबरी टोके चौकटीच्या दोन्ही बाजूंना रेटून बसतात. मुलांच्या खोलीच्या दारात बाबांनी मला असा आवळला की तेव्हापासून मला श्वास सोडायलाही जागा उरली नाही.

मला आणले ते दादासाठी. तो सोळा वर्षांचा होता. एका दमात बारा वेळा हनुवटी माझ्यावर न्यायचा. पाहुणे आले की बाबा त्याला हाक मारायचे, तो लटकायचा आणि कौतुक व्हायचे. मग तो शिकायला दूर गेला. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. येणारा-जाणारा माझ्याखालून मान वाकवून जाई. वर कोणीच बघत नसे.

एकदा रंगकाम निघाले. बाबा मला काढायला लागले. माझे डावे टोक थोडे सैल झाले, उजवे जुन्या रंगाला चिकटून बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. बाबा गेले ते गेलेच. मी ना धड बसलेला, ना धड सुटलेला.

त्याच आठवड्यात चौदा वर्षांच्या धाकटीने दादाचा व्यायामाचा कागद शोधून काढला. रोज पाच फेऱ्या, सुट्टी नाही. तिला एकदाही वर जाता येत नव्हते, तरी ती रोज झटके देत राही. तिच्या खांद्यातली थरथर माझ्यापर्यंत पोहोचे. माझे डावे टोकही केसाकेसाने सरकत होते. दोन्ही मला कळत होते आणि सांगता एकही येत नव्हते.

शेवटी मी निसटलो. ती मनगटावर पडली.

"फेकूनच देतो हा दांडा," बाबा म्हणाले.

"त्याची काय चूक? सैल कुणी ठेवला होता?" धाकटीने विचारले. बाबांनी मला पलंगाखाली सरकवले.

महिनाभर मी पलंगाखाली पडून होतो. आता मला कोणी आवळत नव्हते, पण तिथे अंधार होता, धूळ होती, आणि मी कुणाच्या कामाचा नव्हतो. सुटका म्हणतात ती हीच का, असे मनात येई.

मनगट बरे झाल्यावर आत्या आली. ती लोकांना दुखण्यानंतरचे व्यायाम शिकवते. तिने दादाचा कागद घडी करून बाजूला ठेवला. "हा त्याचा आहे. तू आधी नुसती लटक. दहा आकडे मोजायचे, उतरायचे. तेही दिवसाआड."

बाबांनी मला पुन्हा आवळले आणि आधी स्वतः लटकून बघितले. मी परत अडकलो. खोटे कशाला सांगू, जीव घुसमटलाच.

तीन महिन्यांनी एका दुपारी धाकटीची हनुवटी माझ्यावर आली. फोनवर दादाने विचारले, "किती झाल्या?"

"एक."

तो हसला. "एकच?"

"हो. पण माझी आहे," ती शांतपणे म्हणाली.

मित्रांनो, मी अजून त्याच चौकटीत आहे आणि बहुधा इथेच गंजेन. तुम्ही माझ्यासारख्याला लटकाल तेव्हा आधी एकदा खेचून बघा, दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका, आणि खांदा दुखला तर थांबा. मला बोलता येत नाही. त्याला येते.