नरड्यात अडकलेलं अस्वल

खाणीत तिला सगळे हाडवाली बाई म्हणायचे. आधी चिडवायला म्हणत, मग तेच नाव पडलं. ती संग्रहालयात कामाला होती. जुनी हाडं साफ करायची, मोडलेली जोडायची, प्रत्येकावर बारीक ब्रशने नंबर घालायची. तीन वर्षांपूर्वी चुनखडीच्या या खाणीत सुरुंग उडाला, कड्याच्या पायथ्याशी भगदाड पडलं आणि आत एक गुहा निघाली. गुहेच्या तळाला लाल माती होती आणि मातीत हाडं. तरसांची, हरणांची आणि आजच्या कुठल्याही अस्वलाच्या दीडपट असलेल्या एका अस्वलाची. माणूस शेती करायला लागला त्याच्या कितीतरी आधीची ही जनावरं. हाडं दिसताच संग्रहालयाला फोन केला तो खाणीतल्या पंपवाल्याने. तो हाडवाल्या बाईचा धाकटा भाऊ.

खाण इतकी खोल गेली होती की जमिनीतलं पाणी चारी बाजूंनी आत झिरपायचं. चार पंप अखंड चालायचे म्हणून ती कोरडी राहायची. आता खाण बंद झाली होती. माणसं गेली, यंत्रं गेली. शनिवारी दुपारी बारा वाजता वीज तोडणार होते.

"साहेब, फक्त आठ दिवस द्या," तिने खाणीच्या ऑफिसातल्या फोनवरून मॅनेजरला विनवलं.

"बाई, गेल्या महिन्यातही तुम्ही आठच मागितले होते."

"तेव्हा अस्वलाची कवटी मातीतून सुटली नव्हती. आता सुटलीये."

"माझ्या हातात असतं तर दिले असते हो. मीच उद्यापासून इथे नाही."

तिने संग्रहालयाच्या प्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "भरपूर फोटो काढून ठेव." तिने फोन ठेवला आणि खाली मान घालून पुन्हा गुहेत शिरली.

दोनशेच्या वर लहान हाडं तिने याआधीच बाहेर काढली होती. राहिली होती ती अस्वलाची कवटी. ओलीमुळे ती इतकी ठिसूळ झाली होती की नखाने ओरखडा उठायचा. तशीच उचलली असती तर हातात भुगा आला असता. म्हणून तिने गुरुवारी कवटीभोवती गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये भिजवून गुंडाळल्या. पण गुहेतल्या दमट हवेत प्लास्टर वाळेना. शुक्रवारी संध्याकाळीही ते ओल्या साबणासारखं लागत होतं. राहवेना म्हणून तिने वरून आणखी दोन थर चढवले.

शनिवारी बाराला पंप थांबले. तीन वर्षं कानात बसलेली घरघर एकदम बंद झाली.

"सहा तास आहेत आपल्याकडे," भाऊ म्हणाला. "बारा वर्षं ओळखतो मी या पाण्याला. घाई करू नकोस, ताई."

गुहेत जायला एकच वाट होती. चार मीटर लांबीचा, पोटावर सरपटत जायचा बोळ. त्याला ते दोघं नरडं म्हणायचे. मधोमध तो खाली वाकलेला होता, आणि पाणी आलं तर आधी तिथेच साचणार हे उघड होतं. दोघांनी प्लास्टरमध्ये गुंडाळलेल्या कवटीचा ठोकळा पत्र्यावर चढवला, पत्र्याला दोर बांधला. ती दोर घेऊन बोळात पुढे, बाहेरच्या बाजूला सरपटत गेली. तो आत राहिला, मागून रेटायला.

"ओढ!"

ती ओढत होती, तो ढकलत होता. वाकणाशी पोचले तेव्हा तिच्या मनगटापर्यंत पाणी होतं. दीड तासही झाला नव्हता.

"हे पाणी कुठून आलं रे?"

तो आतून म्हणाला, "चारी पंप एकदम कधी बंदच झाले नव्हते, ताई."

तिने जोर लावला. पत्रा वीतभर सरकला, कर्रर्र आवाज झाला आणि ठोकळा अडकून बसला. पुन्हा ओढला. हलेना. तिने हात घालून चाचपलं. दोन्ही बाजूंनी प्लास्टर खडकात रुतलं होतं. बोळाचं माप तिने बुधवारी घेतलं होतं आणि ठोकळ्याचं गुरुवारी. शुक्रवारचे दोन थर तिने मोजलेच नव्हते.

"मागे घे," ती ओरडली. "तुझ्याकडे ओढ."

"धरायला काही नाही. हात सटकतोय."

ठोकळ्याच्या वर तीन बोटांची फट होती. त्यातून त्याच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड येत होता. तो धापा टाकत होता. गुहेला दुसरं तोंड नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती, ऑफिसातला फोन काढून नेला होता, फाटकावरचा पहारेकरीही सकाळीच गेला होता. मदत आणायची तर जाऊन-येऊन दोन तास. पाणी तिच्या कोपरापर्यंत चढलं.

तिने कमरेची हातोडी आणि छिन्नी काढली.

"ताई, काय करतेस?"

"मागे सरक."

"थांब गं! अजून एकदा ओढ. मी पाय लावतो, सुटेल."

"नाही सुटणार."

"तीन वर्षं, ताई! आपण दोघांनी..."

"आईला काय सांगू मी? तो आत राहिला पण अस्वल आणलं, असं सांगू? सरक मागे!"

पहिला घाव फुकट गेला. आतलं प्लास्टर अजून ओलं होतं, त्याने मार गिळून टाकला. तिने छिन्नी लावून पट्ट्या फाडल्या. हाड उघडं पडलं. ते कुठे फुटेल हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्याच जागा ती तीन वर्षं फुलासारख्या जपत आली होती. दोन डोळ्यांच्या मधली हाडाची शिवण. गालाच्या हाडामागची पातळ कड. तिने छिन्नी त्या शिवणीवर ठेवली आणि मारली. कवटी दुभंगली. आवाज फारसा झालाच नाही.

मग ती मारतच सुटली. तुकडे मागे भिरकावत होती, तो त्याच्या बाजूचे ओढून घेत होता. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा छिन्नी दिसेनाशी झाली. ती पाण्याखाली चाचपून मारायला लागली. दोनदा घाव स्वतःच्याच अंगठ्यावर बसला. तिला कळलंही नाही.

"आता ये!"

"मावत नाही."

"श्वास घे आणि ये!"

त्याचा दिवा पाण्याखाली गेला. मग तिच्या हाताला त्याची बोटं लागली. तिने कॉलर धरून ओढलं. तो खांद्याशी अडकला. तिने दोन्ही पाय खडकाला लावले आणि सगळा जीव एकवटून ओढलं. पाण्यातून काहीतरी मोडल्याचा हादरा तिच्या हाताला जाणवला. हाड होतं, पण अस्वलाचं नव्हतं. तो सुटला.

बाहेर लख्ख ऊन होतं. दोघं दगडांवर आडवे पडले. त्याला धड श्वास घेता येत नव्हता, तरी तो रडत होता. ती उठली आणि पुन्हा भगदाडाकडे चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"तुकडे पडलेत वाटेत. निदान..."

तो सरपटत आला आणि त्याने तिचा घोटा धरला. "ताई, खाली बस." तिने पाय झटकला. त्याने सोडला नाही. ती त्याला शिव्या देत राहिली, मग नुसतीच हुंदके देत राहिली. चारच्या सुमाराला भगदाड पाण्याखाली गेलं.

त्याच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात प्रमुखांनी तिला बोलावलं. टेबलावर नुकसानीचा फॉर्म होता. नमुना कसा नष्ट झाला, त्याचं कारण लिहायचं होतं.

"नैसर्गिक आपत्ती लिही," ते म्हणाले. "कोणी विचारणार नाही."

"पाणी आलं हे खरं आहे, सर. पण फोडला मी."

"कशाला ओढवून घेतेस?"

तिने पेन उचललं. अंगठ्याला पट्टी होती, त्यामुळे अक्षर वाकडं आलं. ठोकळ्याचं माप पुन्हा न घेतल्याने तो वाटेत अडकला, आत माणूस होता म्हणून मी हातोडीने फोडला, असं तिने लिहिलं आणि खाली सही केली. प्रमुखांनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं.

घरी आली तेव्हा भाऊ खुर्चीत ताठ बसून होता. आडवं झोपणं त्याला जमत नव्हतं.

"सहा तास म्हणालो होतो मी," तो म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदाच त्याने विषय काढला.

"मीही माप घेतलं नव्हतं."

त्याला खोकल्याची उबळ आली. खोकला आला की बरगड्यांत कळ जायची, डोळ्यांतून पाणी यायचं. तिने उशी उचलून त्याच्या छातीशी दाबून धरली आणि उबळ थांबेपर्यंत तशीच धरून ठेवली.