कुलूप लावलेली मंडई

दिवाळी सरली की वडशाच्या आसपास गावोगाव मंडई भरते. बाजार असतो, नाटक असतं, पण खरी गंमत घरोघरच्या पाहुण्यांची. त्या दिवशी दारात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, मग तो कोणी का असेना. लहानूच्या घरी तर नुसती झुंबड उडायची. त्याची बायको बायनाबाई अंगणातच चुली मांडायची, अन् पांघरुणं कमी पडली की माणसं भाताचं तनस अंथरून निजायची. त्या धबडग्यात नवराबायकोनं एक नाटक कधी धड पाहिलं नाही. पण काय मजेचे दिवस होते ते!

बायनाबाई गेली, तसा पोरगा बापाच्या मागे लागला. प्रफुल गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नोकरीला. मोबाइलवर सुखाची प्रवचनं ऐकायचा त्याला भारी नाद. बापाला त्यानं थेट बुद्धाचाच दाखला दिला. माणसांची ओढ हीसुद्धा तृष्णाच, ती सोडा अन् माझ्याकडे येऊन निवांत बसा, म्हणाला. आता दर रविवारी विहारात जाणारा लहानू त्याच्यावर काय बोलणार? मंडईच्या आदल्या दिवशी घराला कुलूप घालून तो गुपचूप गडचांदूरला गेला. गावात सांगायची त्याला लाज वाटली.

क्वार्टरमध्ये सोफा होता, टीव्ही होता, निवांतपणा तर विचारूच नका. त्या निवांतपणानं म्हाताऱ्याचा जीव मेटाकुटीला आला. पाहुणे कुलूप पाहून परत गेले असतील, आता पुढच्या साली कोणी फिरकणार नाही, या विचारानं त्याला घास उतरेना.

मंडईच्या दिवशी संध्याकाळी अयूबचा फोन आला. तो दर मंडईत बांगड्यांचं दुकान लावायचा अन् लहानूकडेच जेवायचा. लहानू माफी मागणार, तोच अयूबनं सांगून टाकलं की कुलूप तोडलं, माझ्या बायकोनं, साबिरानं चूल पेटवली अन् पाहुणे पंगतीला बसले.

"रागावू नका भाऊ," तो म्हणाला. "पण सारे इचारून राह्यले, घरधनी कुठी गेला म्हणून. काय सांगू?"

लहानूला रडूच फुटलं. निघालो म्हणून सांग, एवढंच कसंबसं बोलून त्यानं पिशवी भरायला घेतली.

"बाबा, पोचेस्तोवर पंगती उठल्या असतीन," प्रफुल म्हणाला.

"उठू दे बापा. भांडे तं घासाले भेटतीन."