सशाचा कान

"ताई, पाणी म्हणजे लाळ नव्हे," असं कातारीकाकांनी धाकटीला बजावलं होतं. लेथसमोर बसून भुवयांपर्यंत भुशानं माखलेला तो माणूस. हिच्या गाठीशी रसायनशास्त्राची पदवी. "काका, लाळेत नव्व्याण्णव टक्के पाणीच असतं," ती हसून म्हणाली आणि विषय तिथंच मिटला.

थोरल्या जावेचा लाकडी खेळण्यांचा छोटा कारखाना होता. तिथं माल तपासायचं काम या धाकटीकडे. रसायनं नकोत म्हणून सशाच्या खुळखुळ्याचे कान सरसानं चिकटवलेले. "आमचा सरस सगळ्यांत सरस," असं जाऊबाई गिऱ्हाइकांना ऐकवत. चाचणी धाकटीनंच बसवलेली: ससा दहा मिनिटं नळाच्या पाण्यात बुडवायचा, मग कानाला वजन टांगायचं. एकही कान निघाला नाही. तिनं बिनधास्त सही ठोकली.

एका दुपारी तिची आठ महिन्यांची छकुली ऑफिसातल्या चटईवर तोच ससा चघळत बसली होती. दात येत होते, त्यामुळे सोडायचं नाव नाही. आईचा जीव, दर दोन मिनिटांनी डोकावणारा. विसाव्यांदा डोकावली तेव्हा तिनं सवयीनं कान ओढला, तर तो अलगद हातात आला.

मापाची एक नळी तिच्या टेबलावर असायची. नळीत जे मावतं ते बाळाच्या घशात अडकू शकतं, असा हिशोब. तिनं कान सोडला. टुपकन आत.

गार पाण्याला दाद न देणारा सरस कोमट लाळेत मऊ पडला होता. आणि असे तीनशे ससे घरोघरी गेले होते! त्यात दुसऱ्याच दिवशी एक बडा दुकानदार आपल्या सगळ्या शाखांसाठी ऑर्डर द्यायला येणार होता.

"वहिनी, तक्रार एकही नाही," ती जाऊबाईंना म्हणाली. "पुढच्या मालात कानाला लाकडी खुंटी घालू. नियमाप्रमाणे आपलं सगळं बरोबरच आहे. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं." बोलता बोलता छकुलीला तिनं इतकं आवळलं की पोर कुरकुरली.

जाऊबाईंनी नळी उलटी करून कान तळहातावर घेतला. "बाळाला घड्याळ कळतं का गं?"

"पण सही माझी आहे, वहिनी."

"आणि दारावरची पाटी माझी. हे बघ, दुपारपर्यंत ही चूक होती. आता आपल्याला कळलंय आणि त्या आयांना नाही. आता गप्प बसलो, तर त्याला चूक कोण म्हणेल?"

त्यांनी तिच्यासमोरच दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"अहो बाई, झालंय का कुणाला काही? आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

"व्हायची वाट बघू म्हणता?"

"मग ऑर्डर विसरा. तुमचा प्रामाणिकपणा काय चाटायचाय?"

"चाटून बघा," जाऊबाई म्हणाल्या. "घशात तरी अडकत नाही."

फोन आपटल्याचा आवाज आला. लेथमागून कातारीकाका खो खो हसले. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि गिऱ्हाइकांची वही उघडली.

आठवडाभर दोघी फोन करत होत्या. जाऊबाई प्रत्येकीला म्हणत, "आमची चाचणी चुकली." "आमच्या तपासनिसाची" असं एकदाही नाही. धाकटी ते दर वेळी ऐकत होती. ऑर्डर गेली ती गेलीच. एक लेथ बंद ठेवावा लागला. पण ससे परत येत राहिले. कुणी शिव्या घालत आणून दिले, कुणी बाळाला कडेवर घेऊन. धाकटीनं कातारीकाकांची माफी मागितली आणि नवी चाचणी त्यांनाच विचारून लिहिली: कोमट पाणी, पूर्ण दोन तास.

दोनशे सत्त्याण्णव ससे आले. उरलेले तीन प्रदर्शनात विकले गेलेले, फोन नंबर न घेता. त्यांच्यापायी धाकटी अजून अस्वस्थ आहे.

म्हणून तुम्हालाच विनंती. तुमच्या वरच्या मजल्यावर, समोरच्या दारी, भाचीकडे कुठं दात येणारं बाळ असेल, तर आजच जाऊन या. हातात पिवळा लाकडी ससा दिसला तर त्याचा कान ओढून बघा. सशाचा हो, बाळाचा नव्हे! आणि ससा आधी काढून घ्या, रडलं तरी. बाळ बरं आहे ना, तेवढं मात्र नीट बघून या.